झिजलेल्या पार्टची कॉपी मारू नका

थ्रीडी प्रिंटर चालवता येतो, स्लायसर कळतो, थोडंफार कॅड येतं असं धरून चालतो. आता ऑर्डरप्रमाणे स्पेअर पार्ट बनवून द्यायचं डोक्यात असेल तर आधी माझी फजिती ऐका.

ऐरोलीत एका खोलीत सुरुवात केली आणि पहिलं मोठं काम आलं रबाळे एमआयडीसीतून, पॅकिंग मशीनचा नायलॉन गिअर, २८ दात, नवा मागवला तर महिना लागणार आणि तोवर मशीन बंद. मी रुबाबात व्हर्नियर लावला. बाहेरचा व्यास ५९.३ मिमी, दातांत २ मिळवून ३० ने भागलं, मॉड्यूल (दाताच्या आकाराचं माप) आला १.९७७, आणि तोच आकडा कॅडमध्ये टाकला. इथेच मेलो. असला मॉड्यूल कोण बनवतो हो? १.५, २, २.५ असे ठरलेले असतात. खरा होता २, म्हणजे व्यास ६०, उरलेले ०.७ मिमी घासून गेलेले. मी नवा गिअर दिलाच नाही, जुन्याची झीज प्रिंट करून दिली. तीन दिवस खडखडला, मग दात गेले, आणि मालकाने फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वागळे इस्टेटमध्ये लेथवर आयुष्य काढलेले एक काका आहेत, त्यांनी एकच विचारलं, "समोरचा मोजलास का रे?" समोरचा, म्हणजे याच्याशी भिडणारा गिअर, स्टीलचा, ४२ दात, व्यास ८८, भागा ४४ ने, सरळ २! दोन शाफ्टच्या सेंटरमधलं अंतर ७०, तेही २ लाच जुळतं. मोडक्या पार्टवर विश्वास ठेवू नका, तो ज्याच्याशी भिडतो ते मोजा. बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) असेल तर भोक लांबट झालेलं असतं, शाफ्ट मोजा, तोही बुश घासत नाही त्या जागी. आणि मशीन अमेरिकन असेल तर डीपीचा (डायमेट्रल पिच, दाताचं इंचातलं माप) हिशेब, १२ डीपी म्हणजे २.११७ मॉड्यूल, तिथे २ धरलात तरी फसलात.

थ्रीडी स्कॅनर घे म्हणणारे भेटतील. स्कॅनर झीजसुद्धा इमानदारीने कॉपी करतो. ते पैसे वाचवा, त्यापेक्षा असा एखादा काका शोधा, शिव्या देईल पण शिकवेल.

बाकीचं पटकन सांगतो. पीएलए, म्हणजे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक, साधारण ६० डिग्रीला मऊ पडतो, मोटरजवळ नको. लेयर जिथे चिकटतात तिथेच पार्ट तुटतो, म्हणून जोर कुठून येणार ते बघून आडवा-उभा ठरवा. नायलॉन आपल्याकडच्या पावसाळ्यात पाणी पितो, नोझलमधून तडतड आवाज आला की समजा, ७०-८० डिग्रीला रात्रभर सुकवा.

घाबरू नका, दुसरा गिअर मी त्याच मालकाला फुकट करून दिला, तो चालला, आणि आज माझं निम्मं काम त्याच्याच ओळखीतून येतं. फक्त गिऱ्हाइकाला पहिल्याच फोनवर सांगा की तुटलेले तुकडे फेकू नका, पिशवीत भरून आणा. दात एका कडेलाच तुटले असतील तर शाफ्ट वाकडा असू शकतो, आणि मग तुमचा नवा पार्टही त्याच जागी तुटणार.