खाडीत मासे मरून तरंगले तर आधी काय करायचं

माझं माहेर दाभोळ खाडीकाठचं आणि नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. त्यामुळे मासे मेले की गावातून मला फोन येतो. माझं पहिलं सांगणं असतं, भरती कधी लागते ते बघा. पाणी फिरलं की पुरावा गेला. भरती आल्यावर भरलेल्या बाटलीत समुद्राचं ताजं पाणीच जास्त येतं.

आधी मासे नीट न्याहाळा, मोबाइलवर वेळेसकट चित्रण करा. पहाटे बोय वर येऊन आ वासत असतील, मोठे आधी मेले आणि बारके तगले असतील, तर बहुधा प्राणवायू संपला आहे. सांडपाण्यातला सेंद्रिय माल कुजवताना जिवाणू तो वापरून टाकतात. लिटरला 2 मिलिग्रॅमच्या खाली बहुतेक मासे टिकत नाहीत. भरदिवसा लहानमोठे सगळे एकदम उलटे झाले, चिंबोऱ्याही मेल्या, तर आम्लाचा किंवा विषाचा संशय घ्या आणि सामूची (पाणी किती आम्ल ते दाखवणारी) पट्टी लगेच बुडवा.

पाण्यातला प्राणवायू तपासायची बाटली काचेची, अरुंद तोंडाची. पाण्याखालीच तुडुंब भरा, एकही बुडबुडा नको. तिथल्या तिथे मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड घाला. हातमोजे हवेतच, अल्कलीने कातडी भाजते. साका, म्हणजे खाली बसणारा गाळ, तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर उरलेला नाही. हे होडीत बसूनच कळतं, म्हणून दोन्ही रसायनं गावात आणून ठेवा असा माझा आग्रह आहे.

बाकीच्या बाटल्या तीन जागी भरा: सांडपाण्याचा नाला खाडीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला, मुखाशी, खालच्या अंगाला. प्रत्येकीवर जागा आणि वेळ लिहा, बर्फात ठेवा. धापा टाकणारे मासेही बर्फात घ्या, पोट न फाडता. कुजलेल्यांतून काही कळत नाही.

हे सगळं चालू असतानाच प्रदूषण नियंत्रण मंडळाला फोन आणि लेखी तक्रार. 1974 च्या जल कायद्याच्या कलम 21 प्रमाणे कारखान्याविरुद्ध कोर्टात चालतो तो मंडळाच्या अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला नमुना. आपला नमुना तक्रारीला बळ देतो. म्हणून अधिकारी येतील तेव्हा गावातलं कोणीतरी होडीत हवंच, आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या न्यायालयाकडे, प्रदूषणाचा वाद घेऊन सहा महिन्यांत जावं लागतं. तिथेच नुकसानभरपाईच्या अर्जाला मात्र पाच वर्षांची मुदत आहे. त्यासाठी जाळ्यांची, बुडालेल्या दिवसांची आणि विक्रीची नोंद आजपासून वहीत ठेवा.

मेलेली मासळी खाऊ नका, विकू नका, सुकवूही नका.