दूर्वांच्या जुड्या आणि मोजणारं मूल

तीन-चार वर्षांचं मूल वीसपर्यंत अंक धडाधड म्हणून दाखवतं आणि घरचे म्हणतात, "याला मोजता येतं." त्याच्यापुढे सात जास्वंदी ठेवून बघा. तोंड पुढे पळतं, बोट मागे राहतं, एक फूल दोनदा मोजलं जातं. अंक म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं. पाहुण्यांसमोर "शंभरपर्यंत म्हणून दाखव" हा आग्रह तर कृपा करून सोडाच.

मोजायला शिकवण्याचं सगळं साहित्य गणपतीत घरातच असतं. बाप्पाच्या चित्रांच्या छापील वर्कशीट आणू नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेही आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तूंवर.

दूर्वा निवडताना मुलाला शेजारी बसवा. तीन पात्यांच्या एकीकडे, बाकीच्या दुसरीकडे.

मोजायला जुड्या पाचच घ्या. ताम्हणातली एक जुडी उचलायची, पाटावर ठेवायची, ठेवताना एक अंक म्हणायचा. नुसतं बोट लावून मोजणं नको; जुडी जागेवरून हलली की मोजलेलं आणि उरलेलं आपोआप वेगळं होतं.

आता अवघड भाग. पाच जुड्या मोजून झाल्या की विचारा, "मग किती आहेत?" पुष्कळ मुलं परत "एक, दोन..." सुरू करतात. बालवाडीत मीही इथेच फार अडले आहे, आणि पालक चिडतात तेही इथेच. "आत्ताच मोजल्यास ना!" असं ओरडू नका. मुलाचं लक्ष असतं. फक्त 'पाच' हे त्याला शेवटच्या जुडीचं नाव वाटतं. सगळ्या मिळून पाच, हे अजून उमगलेलं नसतं. म्हणून तुम्ही मोजा, शेवटच्या अंकावर थांबा, सगळ्या जुड्यांभोवती हात फिरवा आणि म्हणा, "पाच. या पाच जुड्या." रोज, दोन-तीन मिनिटं. जास्त नको.

मग उलटं विचारा: "बाप्पाला तीन जुड्या आण." मूल मूठभर आणेल. "चुकलं" म्हणू नका. तळहात पुढे करा, एकेक ठेवायला लावा आणि तीनवर हात मिटून घ्या. वेळेवर थांबणं हेच इथे शिकायचं असतं. तीन मागितल्यावर बरोबर तीन येईपर्यंत चारकडे जाऊ नका, शेजारचं मूल कितीही पुढे असो. दहा दिवसांत जमलं नाही तर विसर्जनानंतर लिंबं आणि चमचे आहेतच.

तेही जमलं की त्याच जुड्या लांब लांब मांडून विचारा, आता किती? मूल "जास्त झाल्या" म्हणालं तर शांतपणे परत मोजू द्या.

नैवेद्याचे २१ मोदक पाच वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी: ताटात पाचाच्या चार ओळी आणि वर एक. लहानग्याला पाच मोदक पुरेत. एक खाल्ला की किती उरले, हे तो स्वतःच सांगतो.

तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हाती सुपाऱ्या, शेंगदाणे मोजायला अजिबात देऊ नका, घशात अडकतात. दिवाळीत हाच क्रम पणत्यांवर चालतो. फक्त मोजणी कोरड्या पणत्यांची, तेल-वात घालायच्या आधी.