कुटुंबासाठी ओव्हरलँडिंगची गाडी: या चुका टाळा

ओव्हरलँडिंगचं, म्हणजे मुक्कामाचं सगळं सामान गाडीत घेऊन कच्च्या वाटांनी लांब भटकायचं, मनात आलं की गाडी ठरण्याआधीच ॲक्सेसरीजची यादी तयार होते. पुढे लोखंडी बंपर, टपावर तंबू, मागे ड्रॉवर. गाडी दिसायला झकास होते. पण घरची माणसं आणि आठवडाभराचं सामान चढलं की तीच गाडी चढाला दमते, वळणावर डुलते, आणि खापर इंजिनवर फुटतं. खरा दोष बहुतेक वेळा वजनाचा असतो.

आधी वजनकाटा, मग खरेदी

गाडीचं कमाल एकूण वजन कंपनीने ठरवून दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं, सामान आणि सगळे बदल मिळून किती भार चालेल ते कळतं. समजा हा आकडा 600 किलो आहे. दोन मोठे, दोन मुलं 220. टपावरचा तंबू 60, त्याचं कॅरिअर 30. लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोरीचं यंत्र) 90. पाणी 60 लिटर म्हणजे 60 किलो. भरलेला फ्रिज 40, जादा बॅटरी 25, रिकामे ड्रॉवर 60. झाले 585! कपडे, शिधा आणि अवजारं अजून घरातच आहेत.

दणकट स्प्रिंग टाकले की ही मर्यादा वाढते, हा समज चुकीचा आहे. गाडी भाराने खाली बसत नाही एवढंच. ब्रेक, ॲक्सल (चाकं जोडणारा आस) आणि चॅसिस (गाडीचा सांगाडा) होते तेच राहतात. म्हणून पूर्ण भरलेली गाडी, सगळी माणसं बसवून, एकदा काट्यावर न्या. पुढचा आणि मागचा ॲक्सल वेगवेगळा मोजा. एकूण वजन मर्यादेत असूनही मागच्या ॲक्सलची मर्यादा ओलांडलेली सापडते, कारण जड वस्तू मागच्या दाराकडे साठतात. मागे स्पेअर चाक, इंधनाचे डबे आणि पाणी एकत्र आलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सैल वाटतं. रात्री समोरून येणारे सारखे दिवे चमकावत असतील तर तुमचे हेडलाइट आभाळाकडे बघतायत, असं समजा.

टपाचं गणित वेगळं. उभ्या गाडीच्या तंबूत चौघं झोपली तरी बहुधा काही बिघडत नाही, पण धावत्या गाडीसाठीची मर्यादा बरीच कमी असते; अनेक गाड्यांत 75 ते 100 किलो, तीही कॅरिअर धरून.

गाडी निवडताना

जाहिरातीतला ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) पाहून भुलू नका. लो रेंज (हळू पण जास्त जोराने चालवणारे जादा गिअर) आहे का, वाटेत तिचे सुटे भाग मिळतात का, आणि चाइल्ड सीट बसवल्यावर मधे जागा उरते का, हे आधी बघा. सात सीटच्या गाडीत सातही जण बसले की सामानाला जागा नसते, हे शोरूममध्ये कोणाच्याच लक्षात येत नाही. मुलांच्या मागे सामान रचायचं असेल तर मधली जाळी आणि बांधायचे पट्टे माझ्या मते विंचच्या कितीतरी आधी यायला हवेत.

टायर आणि उंची

टायरचा व्यास 40 मिलिमीटर वाढवला तर डिफरन्शियल (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) फक्त 20 मिलिमीटर वर जातो. त्या बदल्यात गिअरिंग लांबतं म्हणजे जोर कमी पडतो, ब्रेकवर ताण येतो आणि स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. कुटुंबाच्या प्रवासाला मूळ मापाचे, चांगल्या बांधणीचे ऑल-टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांचे) टायर पुरतात. रुतल्यावर हवा कमी करणं लिफ्ट किटपेक्षा (गाडी उंच करायच्या सामानापेक्षा) जास्त कामाला येतं: रस्त्यावर 35 पीएसआय असेल तर वाळूत 18 च्या आसपास. मात्र परत हवा भरायला कॉम्प्रेसर सोबत लागतोच, कारण कमी हवेवर वेगात डांबरी रस्ता धरला की टायर तापून फाटतो.

चिखलातून बाहेर आल्यावर गाडी थरथरत असेल तर गॅरेज गाठण्याआधी रिमच्या आतला वाळलेला चिखल खरवडून काढा.

फ्रिज रात्री बंद पडतो

बॅटरी भरलेली, तरी फ्रिज बंद. बॅटरी बदलू नका, वायर बघा. पुढून मागच्या टोकापर्यंत बारीक वायर नेली की फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना व्होल्टेज पडतं आणि फ्रिज स्वतःला बंद करून घेतो. मोजमाप मागच्या सॉकेटपाशी, फ्रिज चालू असताना घ्या. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर जाड वायर टाका. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. बऱ्याच नव्या गाड्यांत अल्टरनेटर (इंजिनवर चालणारं वीज बनवायचं यंत्र) स्वतःच व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे दुसरी बॅटरी पूर्ण भरत नाही. तिथे व्होल्टेज वाढवून दुसरी बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो.

पाणी

स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी) लावला म्हणजे गाडी पाणबुडी होत नाही. तापलेला डिफरन्शियल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरची (डिफरन्शियलला हवा घ्यायच्या छिद्राची) नळी उंच नेणं हे स्वस्त आणि आधी करायचं काम. ओढा ओलांडल्यावर डिफरन्शियलचं तेल दुधाळ दिसलं तर लगेच बदला.

ओढून काढताना

टो बॉलला (ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला) पट्टा कधीही अडकवू नका. झटक्याने हा गोळा तुटला तर गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं दगावली आहेत. चॅसिसला बोल्ट केलेले, भारक्षमता लिहिलेले रिकव्हरी पॉइंटच (गाडी ओढायचे हुक) वापरा. ताण येण्याआधी मुलांना गाडीतून उतरवून दोरीच्या लांबीच्या दीडपट तरी दूर, बाजूला उभं करा. आणि त्याही आधी फावडं घेऊन चाकांपुढची माती काढा. बऱ्याचदा दोरीची गरजच पडत नाही.