"काल काय जेवलासा?" हे नीट कसं विचारायचं: गावातला चोवीस तासांचा आहार-रिकॉल

बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी असं फिरत मी बरीच वर्षं आहाराचे सर्व्हे करतेय, म्हणजे कोण काय खातं, किती राबतं, मन कसं आहे हे घरोघरी बसून विचारायचं आणि टॅबवर भरायचं. त्यातला चोवीस तासांचा रिकॉल म्हणजे माणसानं काल दिवसभरात जे खाल्लं-प्यायलं ते सगळं त्यालाच आठवून सांगायला लावायचं. दरवेळी नवीन पोरं येतात आणि ट्रेनिंगमध्ये त्यांना दोन दिवस "लोकांशी नातं जोडा, हसून बोला" एवढंच शिकवतात. हसून बोला की, कोण नको म्हणतंय, पण हसून आमटीत डाळ किती होती ते कळत नाही.

एथिक्स कमिटीचं पत्र, संमतीचा फॉर्म, आशाताईंना आदल्या दिवशी फोन, हे झालंय असं धरते. पिशवीत 1 ग्रॅमपर्यंत दाखवणारा किचनचा काटा, मापाचे कप आणि पाण्याची बाटली हवीच. उंची, वजन, कंबर सगळ्यांना जमतं, चप्पल काढायला लावा आणि वजनकाटा सपाट फरशीवर ठेवा, शेणानं सारवलेल्या अंगणात नको. बीएमआय काढताना आपल्या लोकांसाठी 23 च्या वर जादा वजन आणि 25 च्या वर लठ्ठपणा धरतात, एवढं लक्षात ठेवा.

दिवस बघून जा. गावात लक्ष्मी यात्रा असेल तर तो आठवडा सोडूनच द्या, घरोघरी पाहुणे आणि मटण, त्या दिवसाच्या आकड्याला काही अर्थ नाही. आदल्या दिवशी उपास होता का, बाजार होता का हे आधी विचारा आणि एकाच माणसाचे दोन रिकॉल लागोपाठच्या दिवशी घेऊ नका.

आता प्रश्न. "काल काय जेवलासा?" असं विचारलंत की फसलात. आमच्याकडं जेवण म्हणजे भात-भाकरी, ताट घेऊन बसून खाल्लेलं. सकाळचा चहा आणि त्यातली दोन बटरं, चारला शेतात खाल्लेले चुरमुरे, पोराच्या ताटात उरलेलं टाकवेना म्हणून खाल्लेलं, यातलं काहीच "जेवण" नाही. कन्नड घरात तर अजून मजा, "ऊट आत्री?" म्हणजे जेवण झालं का, हा तिकडं रामरामसारखा आहे, उपाशी माणूसपण "आत्री" म्हणतो. म्हणून उठल्यापासून सुरुवात करा: उठल्यावर तोंडात पहिलं काय गेलं, मग काय केलं, मग? अमेरिकेच्या कृषी खात्यानं बसवलेली पाच फेऱ्यांची पद्धत आहे, पहिल्यांदा नुसती यादी, मग विसरलेलं, मग वेळ आणि जागा, मग किती, आणि शेवटी सगळं परत वाचून दाखवायचं. मला ती पटते कारण पहिल्या फेरीत मध्ये बोलायचं नसतं. माणूस बोलत असताना "किती वाट्या?" विचारलं की तो आठवायचं सोडतो आणि हिशोब करायला लागतो.

किती, ही चौथी फेरी. सगळं घोडं इथंच पेंड खातं आणि पहिली दोन वर्षं मी इथं नुसता कचरा गोळा केलाय, खरंच सांगते.

भाकरीपासून घ्या. मी सरळ लिहायचे, "ज्वारीची भाकरी, 2". ऑफिसात एका भाकरीला ठरलेलं पीठ धरलेलं, झालं काम. मग एकदा अथणीकडं एका घरी भाकऱ्या चालू असतानाच पोचले, सहज उंड्याएवढं पीठ काट्यावर टाकलं तर 120 ग्रॅम. त्याच गल्लीत पलीकडच्या घरी 70. पन्नास ग्रॅम पिठाचा फरक म्हणजे एका भाकरीमागं साधारण 170 कॅलरी, आणि दिवसाला तीन भाकऱ्या खाणाऱ्या माणसाचा हिशोब 500 ने चुकला. तेव्हापासून मी त्या घरातल्या बाईलाच म्हणते, आक्का, एका भाकरीचं पीठ घेतासा तसं या ताटात काढून दाखवा. हाताला सवय असते, डोळे मिटून घेतलं तरी तेवढंच येतं. काढलेलं पीठ काट्यावर ठेवा, लिहा, परत डब्यात टाका. फोटोतल्या लहान-मध्यम-मोठ्या भाकरीकडं बोट दाखवायला लावणारे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. फोटोत जाडी दिसत नाही.

आमटी त्याहून अवघड, कारण आपल्याला हवी असते डाळ आणि समोरची बाई सांगते वाटी. कशात किती पोषण असतं ते सांगणारे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे तक्ते बहुतेक कच्च्या पदार्थांचे आहेत, त्यामुळं शिजलेल्याचं कच्च्यात आणल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मी असं करते. घरात डाळ ज्या वाटीनं किंवा चिपट्यानं मोजतात तेच माप मागायचं, त्यांचीच डाळ भरायची, काट्यावर ठेवायची, समजा 150 ग्रॅम. मग कालचं पातेलं आणायला सांगायचं आणि आमटी कुठपर्यंत होती तिथपर्यंत त्यांच्याच हातानं पाणी ओतायचं. ते पाणी मापाच्या कपानं मोजायचं, समजा 1500 मिली भरलं. शेवटी तिची वाटी घ्यायची आणि तिनं किती घेतलं तेवढं पाणी त्यात ओतायला लावायचं, 200 मिली. आता 150 ला 200 नं गुणा आणि 1500 नं भागा, आली 20 ग्रॅम डाळ, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम प्रोटीन. मी आधी अशा बाईपुढं "एक वाटी आमटी" लिहून पुस्तकातल्या रेसिपीची 30 ग्रॅम डाळ तिच्या खात्यावर जमा करून मोकळी व्हायचे, कागदावर ती बाई माझ्यापेक्षा धडधाकट. पाणी ओतताना घाई करू नका आणि "एवढं असेल ना?" असं तर बिलकुल विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात.

आणि ही पातेल्याची आकडेमोड करूनसुद्धा एक गोष्ट निसटते, ती म्हणजे शेवटी कोण जेवतं. आमटी घट्ट असते ती पहिल्या डावाला, सगळ्यांना वाढून झाल्यावर सून बसते तेव्हा वरचं पाणी उरलेलं असतं. मी "तुम्ही कितव्या पंगतीला बसलासा" हा प्रश्न स्वतःच वाढवलाय आणि शेऱ्यात लिहिते. जुन्या सर्व्हेंमध्ये अख्ख्या घराचं अन्न मोजून माणसागणिक ठराविक युनिटनं, म्हणजे आधीच ठरवलेल्या वाट्यानं, वाटून टाकायची रीत होती. घराचा अंदाज घ्यायला ठीक आहे, पण बाईच्या वाट्याला खरंच काय आलं हे त्यातून कसं कळणार, वाटणी आपणच आधी ठरवून टाकलेली.

तेल मात्र कधीच चमच्यात विचारू नका. कोणीही "थोडंसंच" म्हणतं. पाकीट कधी फोडलं आणि कधी संपलं ते विचारा. एक लिटरचं पाकीट म्हणजे साधारण 920 ग्रॅम, सहा माणसांत आठ दिवस गेलं तर रोज माणशी 19 ग्रॅम. मधे भजी तळली असतील आणि उरलेलं तेल दुसऱ्या दिवशी फोडणीला घातलं असेल तर तेही यातच आलं, वेगळं धरायची गरज नाही. मिठालाही हाच हिशोब, फक्त लोणच्याला आणि जनावरांना दिलेलं वजा करा.

तांदळाचा विषय काढला की लोक गप्प होतात. रेशनचा तांदूळ किती येतो, किती खाता म्हटलं की वाटतं कार्ड कापायला आलेत. मी आधीच सांगते, मामा, मी रेशनची नव्हे, गृहलक्ष्मीची (बायकांना महिन्याला पैसे देणारी कर्नाटक सरकारची योजना) पण नव्हे, माझ्या कागदावर तुमचा कार्ड नंबर नाही बघा, आणि कागद त्यांच्या हातात देते. मगच भाताचं ताट मागते. भात मोजायला, काल ताटात जेवढा भात होता तेवढे कोरडे तांदूळ ओतायला लावायचे, ढीग किती होता ते दिसतं.

आशाताईंना दारापर्यंतच येऊ द्या. चांगल्याच असतात त्या, पण त्या शेजारी बसल्या की प्रत्येक बाई काल पालेभाजी खाल्लेली असते. सासूबाईंचं वेगळं, त्यांना उठवता येत नाही, मग मी आधी त्यांचाच रिकॉल घेते. तास-दीड तासानं त्या स्वतःच कंटाळून बाहेर जातात. आणि मिश्री, तंबाखू कळली तर लिहा आणि गप्प बसा, निपाणीकडं भूक मारायला लावणाऱ्या बायका मी कितीतरी बघितल्यात, तिथं उपदेश सुरू केला की पुढचं सगळं खोटं मिळतं.

हालचालीसाठी डब्ल्यूएचओची 16 प्रश्नांची प्रश्नावली असते, ती सोपी आहे, फक्त "काम" शब्द टाळा. काय काम करतासा विचारलं की उत्तर "काय न्हाई ओ, घरातच असतो की" (आमच्याकडं बायकासुद्धा असतो-जातोच म्हणतात). ही बाई सकाळी वैरणीचा भारा डोक्यावरून आणून, दोन घागरी पाणी भरून, भांगलणीला जाऊन आलेली असते. दिवस पहाटेपासून उलगडा, दहा मिनिटं सलग चाललेलं प्रत्येक काम मिनिटांत लिहा. विडी वळणाऱ्या बाईचं उलटं, राबून कंबर मोडलेली पण दिवसभर बसून, तिचे बसलेले तास नीट विचारा.

मनाचे पाच प्रश्न शेवटी. डब्ल्यूएचओ-5, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला 0 ते 5, बेरजेला 4 नं गुणलं की 100 पैकी मार्क. तपासलेलं मराठी भाषांतर जसंच्या तसं वाचा, आपल्या शब्दांत समजावलं की प्रश्नच बदलतो. "झोपून उठल्यावर ताजंतवानं वाटतं का" म्हटलं की बायका हसतात, हसू द्या, मग आकडा विचारा. मार्क 50 च्या खाली असले तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता आणि टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 नंबर चिठ्ठीवर लिहून द्या, चिठ्ठी घरच्यांसमोर देऊ नका.

फॉर्म त्याच संध्याकाळी तपासा, बसमध्येच. दुसऱ्या दिवशी 200 मिली कुणाच्या वाटीचं होतं ते आठवत नाही, आणि परत त्या घरी जाऊन पातेलं मागितलं तर आक्का म्हणते, काल घासून ठेवलंय की ओ.