मोहरीवरचा ढेकूण ओळखताना

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून कीटकशास्त्राकडे वळणारी मुलं हमखास विचारतात, 'मुंबईत राहून शेतातली कीड बघणार कुठे?' अहो, कुंडीत फोडणीची मोहरी पेरा, नाहीतर मुळा. थंडीत कोवळ्या रोपांवर नारिंगी-पांढऱ्या ठिपक्यांचा काळा किडा दिसला, तर बहुधा तो पेंटेड बग, म्हणजेच बाग्राडा हिलारिस. आपल्याकडे तो जुनाच. अमेरिकेत मात्र २००८ साली लॉस एंजेलिस परिसरात सापडला आणि पुढे कोबी-ब्रोकोली लावणाऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

नवखे लोक रंगावर जातात. पिल्लं लालसर, गोलसर असतात, त्यामुळे सर्रास लेडीबर्ड म्हणून खपतात आणि 'मित्रकीटक' म्हणून त्यांना अभय मिळतं! भिंग घ्या, किडा उताणा करा. डोक्याखालून पायांच्या मधे दुमडलेली सोंड दिसली, की तो ढेकूणवर्गातला. लेडीबर्डला चावायचे जबडे असतात. मग पाठ बघा. लेडीबर्डच्या कडक पंखांची शिवण मधोमध सरळ जाते. पेंटेड बगच्या पिल्लाला पंख नसतातच आणि वाढ झालेल्याच्या पाठीवर ठळक त्रिकोण असतो.

परदेशी फोटोंशी ताडून बघायला गेलात की हार्लेक्विन बग नावाचा, असाच दिसणारा दुसरा ढेकूण आडवा येतो. तो साधारण १० मिमी, आपला ५ ते ७. त्याची काळ्या पट्ट्यांची अंडी पानाखाली ओळीने चिकटवलेली असतात. बाग्राडाची मादी बरीचशी अंडी मातीत सुटी घालते. म्हणून पानं उलटून काही सापडलं नाही, तर कुंडीतली वरची माती उकरा.

नुकसानही ओळखीला मदत करतं. रस शोषलेल्या जागी पांढरट, चांदणीसारखे डाग पडतात. कोबीचा शेंडा मेला तर गड्डा धरत नाही, किंवा दोन-तीन बारके गड्डे फुटतात.

नमुना टिकवणं हे मुंबईतलं खरं दुखणं. अल्कोहोलमध्ये नारिंगी रंग उडतो, कोरडा ठेवला तर पावसाळ्यात बुरशी. त्यामुळे आधी फोटो: पाठ, पोट, शेजारी मोजपट्टी. एवढ्याशा किड्याला टाचणी टोचू नका. जाड कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला चिकटवा आणि टाचणी कागदातून घाला. डबा हवाबंद, आत सिलिका जेल. चिठ्ठीवर तारीख, झाड, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नेमकं ठिकाण लिहा. नुसतं 'मुंबई' चालत नाही. मुलुंडची गच्ची की गोरेगावची नर्सरी, ते हवं. माझ्या मुलाखतीत परीक्षकांनी किड्याआधी चिठ्ठीच वाचली होती.