दाणे मोजा, चिमूट टाकू नका: गोल्डफिशला खायला घालण्याची रीत

घरच्या टाकीतला गोल्डफिश उपाशी राहून मेल्याचं मी एकदाही पाहिलेलं नाही. जास्त खाऊन, किंवा न खाल्लेलं अन्न कुजलेल्या पाण्यात मेलेले मात्र पुष्कळ पाहिले. त्यातला पहिला माझ्याच घरचा होता, म्हणून हे लिहितोय.

टाकी, फिल्टर, पाण्यातलं क्लोरीन घालवणारं औषध, हे सगळं तुमच्याकडे आहे असं धरून चालतो. खाद्य बुडणाऱ्या बारीक दाण्यांचं घ्या, डबा लहान घ्या. मोठा डबा स्वस्त पडतो, पण उघडल्यावर आपल्या दमट हवेत सहा महिन्यांत त्यातला कस जातो आणि खवट वास येऊ लागतो. तरंगणारे दाणे घेऊ नका. ते खायला मासा वर येतो आणि दाण्याबरोबर हवाही गिळतो. पोळीचा चुरा, ब्रेड, कुरमुरे, बिस्किट पूर्ण बंद. देवळाच्या तळ्यातल्या माशांना लोक कुरमुरे टाकतात, ते मासे मोठे असतात आणि तळंही मोठं असतं. तुमची टाकी दोन-तीन फुटांची आहे.

आता मुख्य गोष्ट: किती घालायचं.

डब्यावर साधारण असं लिहिलेलं असतं: मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढं, दिवसातून दोन-तीन वेळा. दुकानदारही हेच सांगतो. गोल्डफिशच्या बाबतीत हा सल्ला चुकीचा आहे, आणि मी तो वर्षभर पाळला म्हणून ठामपणे सांगतो. गोल्डफिश हा आपल्या रोहू-कटल्याच्या कुळातला मासा. याला जठर नसतं. घशातल्या दातांनी अन्न दळलं जातं आणि थेट आतड्यात जातं. साठवायला पिशवीच नाही, त्यामुळे ‘पोट भरलं, आता पुरे’ असं तो थांबेल ही अपेक्षाच धरू नये. तळ्यात हा मासा दिवसभर खडी-गाळ चिवडत एकेक कण खातो, त्याला तशीच सवय आहे. दोन मिनिटांत तो झेपेल त्याहून जास्त खाईल आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा काचेशी येऊन तोंड उघडमीट करेल. ती भूक नाही. खायला घालणारा माणूस त्याला ओळखता येतो, एवढाच त्याचा अर्थ. या उघडमिटीला मी फसलो.

माझा पहिला फॅनटेल (गोल अंगाचा, दुहेरी शेपटीचा गोल्डफिश) दोन इंचांचा होता, पांढऱ्यावर केशरी. सकाळी कामावर निघताना मी चिमूटभर टाकायचो. आंघोळ आटोपली की आई टाकायची, कारण ‘बघ कसा आशेनं बघतोय’. शाळेतून आल्यावर मुलगा. तिघांपैकी कुणालाच दुसऱ्यानं घातलेलं माहीत नसायचं. एका संध्याकाळी तो पाण्याच्या वरच्या थराला आडवा तरंगताना दिसला. पोट एका बाजूनं पाण्याबाहेर आलेलं, आणि खाली जाण्यासाठी तो छोटे पर सारखे मारत होता. थोडा खाली जायचा, सोडलं की बुचासारखा वर. दुकानात विचारलं तर म्हणाले, सगळं पाणी बदला आणि हे निळं औषध टाका. मी दोन्ही केलं. तिसऱ्या दिवशी मासा गेला.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. माशाच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया हे माशाला घातक विष पाण्यात येतं. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. माझी टाकी अडीच आठवड्यांची होती, खाणं तिप्पट होतं, आणि जे थोडे जिवाणू होते त्यांच्यावर मी औषध ओतलं. फॅनटेल, ओरांडा, रिऊकिन या गोल अंगाच्या माशांचं शरीर आखूड आणि आतडी दाटीवाटीनं बसलेली. आतडी फुगली की शेजारच्या वाताशयावर, म्हणजे माशाला पाण्यात तोलून धरणाऱ्या हवेच्या पिशवीवर, दाब येतो आणि मासा तोल सोडतो.

म्हणून चिमटीचं माप सोडा. माझी आणि तुमची चिमूट वेगळी. दाणे वाटीत मोजा. पहिल्या दिवशी फिल्टर बंद करा आणि एकेक दाणा टाकत एक मिनिट बघा. मासा कितव्या दाण्याला तो तोंडात घेऊन बाहेर टाकायला लागतो, ते मोजा. त्या आकड्याच्या निम्मे तुमचं माप. दोन इंची फॅनटेलला माझ्याकडे दोन मिलिमीटरचे चार दाणे सकाळी आणि तीन संध्याकाळी लागतात. एवढंसं बघून पहिल्या आठवड्यात तुम्हाला अपराधी वाटेल. माप वाढवू नका. फिल्टर पुन्हा सुरू करायला विसरू नका.

घालण्याआधी दाणे टाकीतल्याच चमचाभर पाण्यात पाचेक मिनिटं भिजवा. कोरडा दाणा पोटात फुगण्यापेक्षा वाटीत फुगू दे. आठवड्यातून एक दिवस पूर्ण उपास. आमच्याकडे तो सोमवारी असतो, आईच्याच दिवशी, त्यामुळे कुणी विसरत नाही. थंडीत रात्री टाकीचं पाणी १८-२० अंशांवर आलं की पचन मंदावतं, तेव्हा एकच वेळ घाला.

आणि घरात खायला घालणारा हात एकच ठेवा. हे जमलं तर बाकीचं निम्मं आपोआप जमतं.

जास्त झालंय हे ओळखायचं कसं? रोज सकाळी दिवा लावल्यावर मी आधी तळ बघतो. खडीवर पांढरट बुरशी धरलेले दाणे दिसले की कालचं माप चुकलं. मग शी. दाण्याच्या रंगाची, आखूड, लगेच तुटून पडणारी असेल तर ठीक. मासा ती दोन-दोन इंच ओढत फिरत असेल तर खाणं जास्त होतंय. पांढरी, पोकळ दोऱ्यासारखी असेल तर एक तर आतडं रिकामं आहे नाहीतर बिघडलंय. उपास नसतानाही दोन-तीन दिवस तशीच राहिली तर दुसरं धरा. पाणी दुधाळ होणं, पृष्ठभागावर न फुटणारा फेस, काचेवर भराभर हिरवं शेवाळ, ही पुढची पायरी. पाणी उग्र वास मारायला लागलं तर उशीर झालाय.

पोट फुगलेलं दिसलं की घाई करू नका, वरून बघा. दोन्ही बाजूंनी सारखं गोल आणि खवले सपाट असतील तर बहुधा जास्त खाणं. खवले उभे राहून मासा सीताफळासारखा दिसत असेल तर तो जलोदर. तिथे उपासानं भागत नाही, आणि बरा होण्याची आशाही थोडी असते. माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला दाखवा.

खाण्यानं फुगलेला असेल तर दोन-तीन दिवस काहीही घालू नका. सुदृढ मोठ्या माशाला त्यानं काही होत नाही. तळावरचं कुजलेलं नळीनं ओढून काढा आणि त्याबरोबर पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं. सगळं पाणी बदलू नका. स्पंज नळाखाली धुऊ नका, काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळा. चौथ्या दिवशी मटारचा एक दाणा मऊ शिजवा, साल काढा, अर्धा चुरून घाला. मीठ, तेल, फोडणी काही नाही. मटार गोल्डफिशला चालतो. फायटर मासा कीटक खाणारा, त्याच्या माथी तो मारू नका.

टाकीत सकर (काचेला तोंडानं चिकटणारा मासा) असेल तर त्याचा हिशोब वेगळा. तो इतरांची घाण खाऊन जगतो हे खोटं आहे. त्याला दिवा मालवल्यावर काकडीची चकती किंवा बुडणारी वडी द्या आणि उरलेली सकाळी काढा.

गावी जाताना लोक टाकीत सुट्टीचा खाद्याचा ठोकळा सोडून जातात. तो विरघळून पाणी नासवतो, घेऊच नका. चार दिवसांसाठी काहीच करायची गरज नाही. आठवड्याहून जास्त जायचं असेल तर मी एकेका वेळचे मोजलेले दाणे कागदाच्या पुड्यांत बांधतो, पुडीवर वार लिहितो, एक दिवसाआड एक अशा पुड्या शेजारच्या काकूंकडे देतो. डबा मात्र माझ्याबरोबर बॅगेत येतो.