बंब निघण्याआधी: सुटातल्या उष्णतेची तयारी

फायर सूट आगीची झळ अडवतो आणि अंगातली उष्णता आत कोंडतो. घाम येतो पण वाळत नाही, आणि न वाळलेल्या घामाने अंग निवत नाही. म्हणून तयारी स्टेशनातच सुरू करायची.

आधी माणसं बघा. नवा किंवा मोठ्या सुट्टीवरून आलेला जवान उष्णतेला सरावायला एक-दोन आठवडे लागतात. तोवर सुटातला सराव थोडाथोडा वाढवा. ताप, जुलाब, रात्रीची दारू, सर्दीची गोळी यांची चौकशी ड्युटी लागतानाच करा, पण बाजूला घेऊन. चारचौघांत कोणी कबूल करत नाही. सरावाआधी आणि नंतर वजन करा: 1 किलो घटलं म्हणजे साधारण 1 लिटर घाम गेला. पाणी घोटघोट प्यायला द्या. काम तासाभरापुढे गेलं तर मीठ-साखरेचंही.

गाडीत पिण्याचं पाणी, ताडपत्री, घडीच्या खुर्च्या, टॉवेल, बर्फाची पेटी आणि खोल बादल्या हव्यात. बादल्यांना हसू नका. हात कोपरापर्यंत गार पाण्यात 10 ते 20 मिनिटं बुडवले की रक्तातून उष्णता झपाट्याने उतरते. हवा त्वचेहून गरम असेल तर नुसता पंखा उपयोगाचा नाही, अंग ओलं करून लावा.

पाळ्या आधीच ठरवा आणि घड्याळ एकाच्याच हाती द्या. एनएफपीए या अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संस्थेच्या 1584 या मानकात (ते आता एनएफपीए 1580 मध्ये सामावलं आहे) श्वासाच्या हवेचे 30 मिनिटांचे दोन सिलिंडर संपले की किमान 20 मिनिटं विश्रांती सांगितली होती. ‘दमलास का?’ हा प्रश्न जवानाला विचारूच नका, उत्तर नेहमी ‘नाही’च येतं. बाहेर आल्यावरही शरीराचं तापमान काही वेळ चढतच असतं, तेव्हा हेल्मेट, हूड, कोट लगेच उतरवा, पँट बुटांपर्यंत खाली सरकवा. पाणी पिण्याआधी हाततोंडाची काजळी पुसायला लावा.

जोडीदाराने बोलण्यावर लक्ष ठेवायचं. कोणी असंबद्ध बोलू लागला, उगाच चिडला, झोकांड्या खाऊ लागला, तर उष्माघातच समजा. अंग घामाने निथळत असलं तरीही. काखेतल्या थर्मामीटरवर विसंबू नका. ॲम्ब्युलन्स बोलवा, पण तिची वाट न बघता सूट काढून त्याला ताडपत्रीच्या खोळीत बर्फाच्या पाण्यात ठेवा. चार जणांनी कडा धरायच्या, पाचव्याने डोकं पाण्याबाहेर. हे पाच जण कोण, ते आजच ठरवा.